चाकाची धाव : संपर्क आणि विस्थापन

बी. ए. भाग २

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी यंत्रशास्त्रावरचा लेख द्यावा, हे ऐकून वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. संपादक मंडळातील सरांनी मात्र "लिही, पण आम्हांला समजेल असे लिही" एवढीच अट घातली. ही अट पाळणे मला भागच आहे, कारण दहावीनंतर माझा आणि गणिताचा संबंध सुटला. गुणाकार-भागाकारापलीकडचे काही या लेखात येणार नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

झाले असे. माझा मोठा भाऊ आय. टी. आय. करून हिंगण्याच्या एम. आय. डी. सी.त एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करतो. तिथे डिझाइनच्या टेबलावर एक जागा निघणार असल्याचे त्याला कळले. त्याने विचारले तेव्हा मालक म्हणाले, "एखादे उदाहरण स्वतः सोडवून आण, मग पाहू." दादाने एक जुना संगणक विकत घेतला आणि त्यावर फ्रीकॅड नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चढवले. यंत्राचा भाग पडद्यावर काढायचा, तो कोणत्या धातूचा किंवा लाकडाचा आहे ते सांगायचे, कुठे धरला आहे आणि कुठे दाबला आहे तेही सांगायचे. मग तो किती वाकेल, किती ताणला जाईल याचा हिशेब संगणक करून देतो. हा हिशेब प्रत्यक्षात करणारे सॉफ्टवेअर वेगळे आहे. त्याचे नाव कॅल्क्युलिक्स, आणि तेही फुकटच. चित्रे काढणे दादाला चार दिवसांत जमले. घोडे अडले ते इंग्रजीपाशी. माहितीपुस्तक सगळे इंग्रजीत, आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी त्याला शब्दांचे अर्थ सांगायला बसले आणि हिशेबातच अडकले.

उदाहरण कोणते घ्यावे हा प्रश्न दोन दिवस पडला होता. पुस्तकातली उदाहरणे नट-बोल्टाची. पण आमचे बाबा उमरेड तालुक्यातल्या आमच्या गावी लोहारकी करतात. बंडीच्या चाकांना धाव चढवताना मी लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे, भाताही ओढला आहे. आता टायरच्या बंड्या आल्या आणि ते काम वर्षातून एखाद्या वेळी येते. दादा म्हणाला, "आपण धावच घेऊ. खरे-खोटे करायला बाबा घरातच आहेत."

ज्यांनी ते काम पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बंडीच्या लाकडी चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो, तुंब्यात आरे बसवलेले असतात आणि आऱ्यांच्या टोकांवर वळणदार लाकडी तुकडे एकापुढे एक जोडून कड पुरी केलेली असते. या कडेवर लोखंडी पट्टीचे कडे बसते, ती धाव. तिला खिळे नावापुरतेच. ती लाकडाहून मुद्दाम लहान केलेली असते. बाबा लहानशी चकती चाकाच्या कडेवरून फिरवतात, खडूच्या खुणेने फेरे मोजतात आणि धावेचा घेर त्याहून बोटभर कमी ठेवतात. मग ती गोवऱ्यांच्या जाळात काळपट लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी तिघाचौघांनी उचलून चाकावर टाकायची आणि चहूकडून पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि चाक आवळते. त्या वेळी लाकूड कुरकुरते, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आमच्या घरच्या चाकाचे माप आम्ही घेतले. लाकडी कडेचा व्यास १४०० मि.मी., म्हणजे घेर सुमारे ४४०० मि.मी. धाव ५० मि.मी. रुंद, १० मि.मी. जाड. बाबांचे एक बोट मोजले ते १६ मि.मी. भरले. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश सुमारे १२ भाग वाढते. काळपट लाल म्हणजे ६०० अंशांच्या आसपास. या हिशेबाने धावेचा घेर निदान ३० मि.मी. वाढतो. त्यातले १६ वजा जाता १४ उरतात, म्हणजे व्यासात साडेचार मि.मी.ची ढिलाई मिळते आणि धाव अलगद खाली उतरते. पुस्तक न उघडता बाबांचे बोट बरोबर निघाले, याचा आम्हांला आनंद झाला. तो फार टिकला नाही.

थंड झाल्यावर धावेत ताण किती राहतो? चाक दगडासारखे कठीण, जराही न दबणारे आहे असे धरले, तर धाव ४४०० मि.मी.मध्ये १६ मि.मी. ताणलेली राहणार. या प्रमाणाला पोलादाच्या ताठपणाने, म्हणजे दोन लाखांनी गुणले की उत्तर येते दर चौरस मि.मी.ला ७२७ न्यूटन. (एक न्यूटन म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचे वजन.) आता धावेचे साधे पोलाद २५० न्यूटनच्या सुमारास कायमचे लांबते, मग ते परत आवळत नाही. म्हणजे हिशेबाप्रमाणे बाबांची प्रत्येक धाव चढतानाच वाया जायला हवी होती! पण बाबांनी चढवलेल्या धावा वर्षानुवर्षे रस्त्यावर आहेत. तेव्हा चूक आमचीच होती, आणि ती शोधण्यासाठी आम्ही संगणकाकडे वळलो.

संगणकाची रीत अशी. तो वस्तूचे हजारो छोटे तुकडे करतो, दर तुकड्याचे कोपरे किती सरकले ते अज्ञात धरतो आणि सगळ्या तुकड्यांची समीकरणे एकदम सोडवतो. या रीतीला फायनाइट एलिमेंट हे नाव अमेरिकेतील प्राध्यापक रे क्लफ यांनी १९६० साली दिले. कोपऱ्याच्या या सरकण्याला विस्थापन म्हणतात. आपल्याकडे विस्थापन म्हटले की धरणात गेलेली गावे डोळ्यांपुढे येतात, आणि दादाला शब्द सांगताना मीही आधी तिथेच अडखळले. इथे अर्थ एवढाच: आधी जिथे होते आणि आता जिथे आहे, यातले अंतर आणि दिशा. विस्थापने कळली की ताण कळतो.

आम्ही लाकडी कड काढली, त्यावर घेर १६ मि.मी. कमी असलेली धाव काढली, आणि हिशेब चालवला. उत्तर आले शून्य. धाव लाकडाच्या आत शांतपणे बसलेली होती. ज्या जागी लाकूड होते त्याच जागी लोखंडही होते, आणि दोघांनाही त्याचे काही वाटत नव्हते. दादाने तीनदा तपासले. मग माहितीपुस्तकाचे ते पान मी पुन्हा वाचले तेव्हा उलगडा झाला. दोन वस्तू एकाच जागी राहू शकत नाहीत, हे संगणकाला ठाऊकच नसते! आपण चित्र पाहतो आणि एक वस्तू दुसरीला टेकलेली आहे असे मनात धरतो. संगणकाला ती दोन निरनिराळी जगे. कोणता पृष्ठभाग कोणत्या पृष्ठभागाला टेकू शकतो, हे जोडीजोडीने सांगावे लागते. त्यालाच संपर्क देणे म्हणतात.

हे सांगण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतला भेद समजायला आम्हांला आठवडा लागला. पहिला प्रकार म्हणजे चिकटवणे: दोन पृष्ठभाग फेव्हिकॉलने जोडल्यासारखे कायम एकत्र राहतात, सुटत नाहीत, घसरत नाहीत. दुसरा खरा संपर्क: टेकले तर दाबतात, दूर ओढले तर सुटतात, आणि आडवे ढकलले तर घर्षणाइतका विरोध करून घसरतात. पहिला सोपा, संगणकही लगेच उत्तर देतो. म्हणून नवशिका माणूस सगळे चिकटवून मोकळा होतो. आम्हीही तेच केले. धावेचा कमी घेर दाखवायला चित्र लहान न करता तिला लाकडाला नेमकी बसणारी काढली आणि ३०३ अंशांनी थंड केली, कारण तेवढ्या थंडाव्याने ती बरोबर १६ मि.मी. आकसते. हे बाबांच्या रीतीच्याही जवळचे झाले. लाकूडही आता दगड नव्हते. बाभळीच्या रेषांच्या दिशेचा ताठपणा पोलादाच्या विसावा भाग धरला. उत्तर आले २५५ च्या आसपास. ७२७ पेक्षा पुष्कळ बरे, पण तरी पोलादाच्या मर्यादेपलीकडेच.

ते चित्र लाल-पिवळ्या रंगांत छान दिसत होते. दादाने ते फोनवर बाबांना दाखवले. बाबांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सहाही तुकडे चिकटवले का वं तुम्ही? मंग फटी कुठी गेल्या?"

कोणत्या फटी? बाबांनी समजावून सांगितले. सुतार कडेचे तुकडे जोडताना दर सांध्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट राखतो. धाव आवळली की आधी त्या फटी मिटतात, आरे तुंब्यात आणखी खोल घुसतात, आणि मगच लाकूड दबू लागते. "फट नसन तं चाक आवळन कसं?" असे ते म्हणाले. कडेचे तुकडे सहा, सांधे सहा, दर सांध्याला २ मि.मी. धरले तरी १२ मि.मी. इथेच गेले. १६ पैकी खरे ताणायला उरले चारच.

आता चिकटवणे सोडून खरा संपर्क द्यावा लागणार होता, आणि इथूनच खरी कसरत सुरू झाली. सगळे चाक घेतले तर जुना संगणक रात्रभर घरघरत बसायचा, म्हणून आम्ही चाकाचा सहावा हिस्सा घेतला. दोन तुकड्यांच्या मधोमध कापून घेतल्याने सांधा आणि त्याची फट हिश्श्याच्या मध्यावर आली. कापलेल्या तोंडांना काय सांगायचे? दादाने ती सरळ पक्की धरली. म्हणजे कोणत्याही दिशेला हलायचे नाही. झाले, चाक आत सरकूच शकेना आणि लाकडात भलताच ताण दिसू लागला. वास्तविक कापलेल्या तोंडाला एकच बंधन हवे: तोंडाच्या पातळीला काटकोनात विस्थापन शून्य. त्या पातळीत तुंब्याकडे सरकायला ते मोकळे हवे, टेबलाचा खण जसा पुढे-मागे सरकतो पण बाजूला जात नाही. पक्के धरणे आणि एका दिशेचे विस्थापन शून्य ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपण बंधन देतो तेव्हा तिथे प्रत्यक्षात काय आहे, त्याचा विचार आधी करावा लागतो.

बंधन दुरुस्त केले आणि सॉफ्टवेअरने उत्तर देण्याचेच नाकारले. एकदा दिले तेव्हा लाकडाचा तुकडा कित्येक किलोमीटर दूर गेल्याचा आकडा आला. दादा वैतागून उठून गेला. कारण नंतर सापडले. कोणत्याही वस्तूला सहा प्रकारे हलता येते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. या सहाही वाटा कुणीतरी अडवल्या नाहीत तर थोड्याशा बळानेही वस्तू अनंतापर्यंत जाऊ शकते, आणि समीकरणाला एक उत्तर उरत नाही. आमचे लाकडी तुकडे पूर्वी चिकटवल्यामुळे धरलेले होते. आता ते सुटे झाले होते. फट मिटेपर्यंत शेजारच्या तुकड्याचा आधार नाही, धाव पुरती टेकेपर्यंत तिचाही नाही. खऱ्या चाकात त्यांना आरे धरून ठेवतात, आणि आरे तर आम्ही काम सोपे व्हावे म्हणून वगळले होते! उपाय म्हणून आऱ्याच्या जागी अगदी मऊ स्प्रिंग दिली. ती इतकी मऊ हवी की हिशेबात फरक पडू नये, पण तुकडा उडून जाऊ नये.

या विषयाकडे कुणी विद्यार्थी वळला तर त्याच्यासाठी आमच्या अनुभवाची एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. दोन भागांमध्ये फट असताना एकाला दुसऱ्याकडे बळ देऊन ढकलू नये, आधी विस्थापन द्यावे. "हा भाग दोन मि.मी. पुढे ने" असे सांगितले तर तो दोनच मि.मी. जातो, वाटेत कुणी भेटो न भेटो. "याला शंभर न्यूटनने ढकल" असे सांगितले आणि वाटेत विरोध नसला, तर तो कुठे थांबणार? संपर्क पक्का झाला की मग विस्थापन काढून बळ द्यावे. आणि जे द्यायचे ते एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यावे. आम्ही ३०३ अंशांची थंडी एका दमात दिली तेव्हा हिशेब कोसळला, तीस टप्प्यांत दिली तेव्हा जमला. कारण दर टप्प्याला संगणकाला नव्याने पाहावे लागते: आता कोणते बिंदू टेकले, कोणते सुटले? संपर्काचा हिशेब सरळ रेषेत जात नाही. फट मिटण्याआधी विरोध नसतो, मिटताक्षणी एकदम येतो, म्हणून दुप्पट बळाला दुप्पट विस्थापन हा नियम इथे चालत नाही.

टेकलेले भाग एकमेकांत घुसू नयेत यासाठी सॉफ्टवेअर एक युक्ती करते. एका पृष्ठभागाचा बिंदू दुसऱ्याच्या आत शिरला की तिथे मनातल्या मनात एक स्प्रिंग लावून त्याला बाहेर ढकलते. म्हणजे थोडेसे शिरणे होतेच. स्प्रिंग फार मऊ ठेवली तर लाकूड लोखंडात बुडते, फार ताठ ठेवली तर हिशेब थरथरत राहतो आणि उत्तरावर येत नाही. किती शिरले ते शेवटी मोजून पाहावे आणि ते फटीच्या मानाने नगण्य आहे याची खात्री करावी. या जोडीतल्या दोन पृष्ठभागांना माहितीपुस्तकात जी इंग्रजी नावे आहेत त्यांचा सरळ अर्थ धनी आणि दास असा होतो. मऊ आणि बारीक तुकडे पाडलेला तो दास. मी दादाला एवढेच सांगितले, "लोखंड धनी, लाकूड दास," आणि पुढे गेले. पण सामाजिक इतिहासाचा पेपर असलेल्या मुलीला तो शब्द तिथे दिसणे चमत्कारिक वाटले, हे खरे.

दोन वस्तू टेकतात तिथे नेमके काय होते, याचे पहिले पक्के गणित जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झने मांडले, ते १८८२ साली प्रसिद्ध झाले. काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली तर त्यांचे आकार कसे बदलतात या प्रश्नातून ते निघाले. तेव्हा त्याचे वय चोविसाच्या आसपास होते. रेडिओच्या लहरी मोजताना ज्याचे नाव घेतो तो हाच.

शेवटी आमचे उत्तर आले. फटी मिटल्या, तुकडे जवळजवळ २ मि.मी. आत सरकले, आणि धावेत सरासरी ताण राहिला ६५ च्या आसपास. पोलादाच्या मर्यादेच्या तो सुमारे चौथा भाग. सांध्याच्या कोपऱ्यांवर मात्र आकडे भडकलेले दिसत होते, आणि तिथले तुकडे जितके बारीक करावे तितके ते चढत होते. टोकदार कोपऱ्यावरच्या अशा आकड्यांवर विसंबू नये हे पुस्तकातच लिहिले आहे. ६५ न्यूटनचा ताण ५० गुणिले १० मि.मी.च्या पट्टीत म्हणजे सुमारे ३२,५०० न्यूटन, सव्वातीन टनांहून जास्त ओढ. बाबांना हा आकडा सांगितला तेव्हा ते फक्त हसले.

एका रविवारी आम्ही मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात गेलो. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात जुनी वाफेची इंजिने आहेत. मला ती लहानपणची सहल म्हणून आठवत होती; या वेळी मी चाकांपाशी बसून राहिले आणि दादा चौकीदाराला काहीबाही सांगत राहिला. वाफेच्या इंजिनाच्या चाकावरही पोलादी धाव अशीच तापवून चढवलेली असते. फरक मापाचा. तिथे घेर साधारण हजारात एक भाग कमी ठेवतात. बाबांच्या बोटाचे प्रमाण हजारात साडेतीनच्या वर जाते. पूर्वी मला वाटले असते की रेल्वेचे काम नेमके आणि गावचे अंदाजाचे. आता कारण कळले होते. इंजिनाचे मधले चाक अखंड पोलादाचे, त्यात मिटायला फटी नाहीत आणि दबायला लाकूड नाही. हजारात साडेतीनची धाव त्यावर चढवली तर ती लांबून निकामीच होईल. आणि हजारात एकची धाव बाबांच्या चाकावर चढवली तर सांध्याच्या फटीसुद्धा मिटणार नाहीत. दोन्ही मापे आपापल्या जागी बरोबर आहेत. रेल्वेवाले धाव आणि चाक या दोहोंवरून जाणारी एक खूण रंगवतात. ब्रेकच्या उष्णतेने धाव सैल होऊन घसरली की ती खूण तुटलेली दिसते. संपर्क सुटल्याचे कळायला याहून सोपे साधन मी अजून पाहिलेले नाही.

हिशेब पुरा झाला असे धरून दादा वही बांधू लागला, तोच बाबांनी दुसरी शंका काढली. "हे समदं बराबर. पण मे महिन्यात पाय तुझी धाव, कशी वाजते ते." उन्हाळ्यात जुनी चाके खडखडतात हे मलाही माहीत होते. मग कागदावरच गणित मांडले. उन्हात धाव ३५ अंशांनी जास्त तापली असे समजा. तिचा घेर पावणेदोन मि.मी.हून थोडा अधिक वाढतो. हे फार नाही. पण लाकूड वाळते. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. कडेच्या तुकड्याची उंची आमच्या चाकात ९० मि.मी. आहे. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ती शेकडा एक भाग जरी कमी झाली तरी त्रिज्या ०.९ मि.मी.ने आणि घेर साडेपाच मि.मी.हून जास्त कमी होतो. दोन्ही मिळून साडेसात. आणि फटी मिटल्यावर आमच्याजवळ शिल्लक होती चार मि.मी.! ज्या धावेत सव्वातीन टनांची ओढ होती, ती मे महिन्यात साडेतीन मि.मी.ने सैल.

सॉफ्टवेअरमध्ये ओलाव्याचा रकाना आम्हांला सापडला नाही. दादाने आता एक पळवाट काढली आहे: लाकडाला ओलावा कमी करण्याऐवजी थंड करायचे, आणि ते फक्त आडव्या दिशेने आकसेल असे सांगायचे. कॅल्क्युलिक्समध्ये निरनिराळ्या दिशांना निरनिराळे आकसणे देता येते, ते पान मी परवाच त्याला वाचून दाखवले. ते उत्तर आले की वही मालकांकडे जाईल. बाबांनी तोवर थांबायचे कारण नव्हते. मार्च लागला तशी त्यांनी बंडीची दोन्ही चाके काढली आणि नाल्याच्या डोहात भिजत टाकली.